दोन खिडक्यांमधला फळा

नगरच्या मैत्रिणींनो, आज जामखेडकडच्या एका गावात शाळातपासणी झाली.

१. नव्या खोलीत चौथीची मुलं फळ्यावरचं गणित चुकली.

२. साहेब म्हणाले, "गुरुजी, वर्षभर दगड राखलेत का?"

३. एक मुलगी उठली. "सायब, फळा लई चमकतो. आकडं दिसत न्हाईत."

४. साहेब हसले. "फळा चमकतो, डोकी नाहीत!"

५. मी, बांधकाम विभागाची अभियंता, मागे उभी राहून वहीत मोजमापं लिहीत राहिले.

खोलीचा आराखडा माझा आहे. फळा मीच दोन खिडक्यांच्या मधे घेतला, त्यामुळे सकाळचा उजेड मुलांच्या थेट डोळ्यांत जातो. शेरा मात्र गुरुजींवर बसला. आता त्यांची बदली होईल. निघताना त्यांनी मला आग्रहाने चहा दिला.

शेरा सोमवारी वर जाईल. स्वतःची चूक वरिष्ठांना कुणी लेखी कळवली असेल, तर कशी, ते शनिवारपर्यंत सांगा.