गोरोबा मामांच्या हाताखाली

तेरची गाडी धाराशिवच्या स्टँडवर लागली तेव्हा साडेनऊ वाजले होते. पुण्याहून आदल्या संध्याकाळी आलेली आर्किटेक्चर आणि इंटिरियरची चौदा मुलं पाठीवरच्या सॅका न उतरवताच माझ्याशेजारी उभी होती. गोरोबा मामा त्यांना तेरला नेणार होते. "तुमी नका आणू, पोरांस्नी न्यायला मीच येतो," असा त्यांचा हट्ट. गाडीतून सगळे उतरले, मामा काही उतरले नाहीत. वैतागून मी फोन लावला. रिंग वाजत राहिली... मग कुणीतरी उचलला. "मामा, अहो कुठं राहिलात? पोरं केव्हाची उभी आहेत!" मी जवळजवळ ओरडलेच. पलीकडून अनोळखी आवाज आला, "ताई, मी कंडक्टर बोलतोय. हे तुमचे कोण? तुम्ही कुठं आहात?" म्हटलं, "इथंच, स्टँडवर." "मग तेरच्या गाडीकडं या... लवकर या."

मामा खिडकीशी बसलेले होते. डोकं गजाला टेकलेलं, मांडीवर पिशवी. झोप लागली असेल म्हणून कंडक्टरनं त्यांना दोनदा हलवलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले, हृदयविकाराचा झटका. शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा कळलं नव्हतं. पाच आठवडे झाले, पण माझ्या कानातून माझाच तो आवाज जात नाही. माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं म्हणजे तक्रार, आणि तीही त्यांच्यापर्यंत पोचली नाही...

मामा गवंडी होते, शाळा जेमतेम दुसरी. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती रुसूनच. मी मूळची उमरग्याची, कॉलेज पुण्यात. चौथ्या वर्षी काही महिने कॉलेजाबाहेर जाऊन काम शिकायचं असतं. मैत्रिणी मुंबईच्या एसी ऑफिसांत गेल्या आणि आमचे सर मला म्हणाले, "तू तेरला जा. तिथं एक गवंडी आहेत." ज्या जिल्ह्यातून बाहेर पडायला एवढी धडपड केली, तिथंच परत! पहिले आठ दिवस मामांनी नुसत्या विटा वाहायला लावल्या, वाळू चाळायला लावली. नवव्या दिवशी, बांधकाम चाललेल्या एका शेतकऱ्याच्या घरासाठी मी काढलेला स्वयंपाकघराचा नकाशा त्यांनी मागून घेतला.

"ही खिडकी जमिनीपासनं किती वर?"

"साडेतीन फूट," मी ऐटीत सांगितलं.

"बाई भाकरी उभ्यानं थापती व्हय?"

मामांनी मला त्या शेतकऱ्याच्या जुन्या घरातल्या चुलीपुढं नेलं. "बस खाली. काय दिसतंय?"

"भिंत."

"मंग तिनं जलमभर भिंतच बघायची का?"

पुण्यातल्या वर्गात कुणी मला असं खाली बसवलं नव्हतं. आम्ही खिडकी सव्वा फुटावर घेतली. घर झाल्यावर त्या घरची बाई पहिल्या दिवशी चुलीपुढं बसली आणि एकदम हसलीच, "अगं बया, रानातली वाट दिसती की इथनं!" मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, थापी धूत राहिले.

वर्षअखेरीला त्याच घराचं मॉडेल कॉलेजच्या प्रदर्शनात लागलं. मी बोलावलं म्हणून मामा पांढरंशुभ्र धोतर नेसून पुण्यापर्यंत आले. फलकावर माझं नाव होतं, सरांचं होतं, कॉलेजचं होतं. मामांनी एकेक अक्षर लावत तो सगळा वाचला, पुन्हा वरपासून वाचला आणि म्हणाले, "बेस झालंय." त्यांना गाडीत बसवून परतताना माझ्या लक्षात आलं, की त्यांचं नावच नाही. मुद्दाम वगळलं नव्हतं. सुचलंच नव्हतं... ते जास्त वाईट.

पुढं धाराशिवला मी माझं काम सुरू केलं आणि दरवर्षी मुलांना त्यांच्याकडं पाठवू लागले. कॉलेजच्या कागदावर ते कायम 'स्थानिक कारागीर'. यंदा मात्र मी भांडले, आणि पहिल्यांदा पत्रावर छापून आलं, 'मार्गदर्शक: गोरोबा मामा'. दवाखान्यात कंडक्टरनं त्यांची पिशवी माझ्या हातात दिली, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तेच पत्र होतं. बहुतेक मुलांना दाखवायला आणलं असावं. ज्यांनी त्यांना जिवंत कधी पाहिलंच नाही ती चौदा मुलं त्या दुपारी तेरणेकाठच्या स्मशानात रांगेत उभी राहिली, आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात तेरला जाऊन आले. कलावती मामी मला परसात घेऊन गेल्या. तिथली कुंपणाची भिंत मी इतक्या वर्षांत नीट पाहिली नव्हती. दरवर्षीच्या मुलांनी बांधलेला एकेक तुकडा, कुठं ओळंबा चुकून कललेला, कुठं सांधे फाकलेले. "गिलावा करा म्हणलं तर ऐकायचे न्हाईत," मामी म्हणाल्या. "म्हणायचे, झाकल्यावर कुणाचं कुठलं ते कसं कळंल?"

भिंत जिथं संपते तिथं अर्धं कापलेलं पिंप होतं, विटांनी भरलेलं.

"पोरं येणार म्हणून त्या दिवशी ह्यांनी पहाटं उठून भिजू घातल्या. अजून तशाच हायेत. पाणी आटतंय, मी रोज घालते. बाहीर काढाया हात हुईना बघा."

त्यांनी माझ्यादेखत कळशीभर पाणी ओतलं. कोरडी वीट पाण्यात पडली की बुडबुडे सोडते, ते थांबले की ती भिंतीत लावायची. या विटांतून एकही आला नाही. त्या केव्हाच भिजून तयार होत्या.