हात लावू नको

आज शेजारी कुणीतरी भरताची वांगी भाजत होतं. त्या वासानं मला आमच्या अमळनेरच्या घरातली एक सकाळ आठवली.

कॅनडाला सासरी गेलेल्या ताईशी बोलता यावं म्हणून मी टचस्क्रीनचा मोठा कॉम्प्युटर घेतला होता. तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई अंगणात वांगी भाजत होती. ती तशीच धावत आली. पडद्यावर लेकीचा चेहरा अगदी खराखुरा, समोर बसल्यासारखा.

"कितली वाळी गयी वं माय तू!" म्हणत आईनं ताईच्या गालावरून हात फिरवला. कॉल कट झाला. काचेवर काजळीची बोटं उमटली.

"हात लावू नको म्हटलं होतं ना!" मी ओरडलो.

मी पुन्हा कॉल जोडून दिला, तेव्हा आई खुर्ची मागे सरकवून, दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली. पुढेही कायम तशीच बसायची. मला वाटायचं, शिकली.

आई गेली तेव्हा ताईला वेळेवर पोचता आलं नाही. नंतर एकदा तिनं विचारलं, "आई कॉलवर अशी लांब का बसायची रे? माझ्यावर रागावली होती का?"

मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.