सरळ केलेल्या वायरी

खंडेनवमी, १९९२. काम : पिकअपला आंघोळ घालणे.

आमच्या अंबडकडच्या गावात त्या दिवशी विळ्या-पांभरीपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं धुऊन पूजतात. आमची जुनी, पेट्रोलवरची पिकअप तर मी बॉनेट उघडून आतूनही घासली. (वरवरचं काम मला जमत नाही.)

त्याच दिवशी पाचच्या आत सासूबाईंना जालन्याच्या दवाखान्यात दाखल करायचं होतं. मोतीबिंदू. परवाच त्यांनी पायपुसणं समजून मांजरावर पाय दिला होता! वर्षभर ‘न्हाई’ म्हणून शेवटी त्या एका अटीवर तयार झाल्या : ऑपरेशन दसऱ्यालाच. हा मुहूर्त हुकला की त्या थेट गुढीपाडवा सांगणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. (एसटीत त्यांना उलट्या होतात, म्हणजे तीही वाट बंद.)

यजमानांनी चावी फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि ‘फाट्!’ करून गप्प झाली.

“प्लग भिजवलेस तू!” म्हणत त्यांनी चारही प्लग काढले, माझ्याच ब्रशने घासले आणि माझ्याच तव्यावर वाळत टाकले.

“काय भाजून राह्यली गं?” खाटेवरून सासूबाई.

“प्लग, आत्याबाई.”

“मीठ टाक.”

प्लग बसले. चावी फिरली. फाट्! फाट्! कोंबड्या थेट पत्र्यावर!

“भाभी, दिवाली को अभी देर है!” शेजारचे रहीमचाचा भिंतीवरून ओरडले.

“करंट बघू,” यजमान म्हणाले. “ही वायर धर. आली का ठिणगी?”

“आली! माझ्यात आली!” खांद्यापर्यंत झिणझिण्या आणि कानातले डूल आपोआप हललेले.

चार वाजले. सासूबाईंचा चेहरा मात्र खुलत चालला होता.

“गाडीचंच मन न्हाई. आता पाडव्याला बघू,” म्हणत त्यांनी बांधलेलं गाठोडं सोडायलाही घेतलं. “पूजा तेवढी उरकते.”

हळदीकुंकू घेऊन त्या दरसालप्रमाणे चाचपडत इंजिनापाशी गेल्या. आणि हात थांबला.

“ह्या वायरी कुणी हलवल्या? दरसाली इथं गुतलेल्या राह्यतात, बोट अडकतं. आज सरळ कशा?”

यजमान सावकाश माझ्याकडे वळले.

“मीच,” मी म्हणाले. “काढून साबणाने धुतल्या, दोरीवर वाळवल्या. लावताना गुंता सोडवला. कशाही एकमेकींवरून जात होत्या!”

“अगं, तो गुंता नव्हता! ह्या इंजिनाचे प्लग एक-तीन-चार-दोन असे पेटतात. तू ओळीने एक-दोन-तीन-चार लावल्यास!”

“मग आधी सांगायचं!”

“वायरींना कुणी आंघोळ घालील, हे मला काय माहीत?”

त्यांनी वायरी पुन्हा होत्या तशा गुंतवल्या. पहिल्याच चावीला गाडी सुरू! आपलीच सुटका आपल्याच बोटांनी घालवल्याचं सासूबाईंच्या ध्यानात आलं, आणि सोडलेलं गाठोडं त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर निघायच्या बेतात चप्पल घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाली, “आजींचे केस विंचरून दोन घट्ट वेण्या घाला, मग आत नेऊ.”

मी फणी घेऊन पुढे झाले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं.

“सिस्टरबाई, हिला गुंता सोडवू देऊ नका! मला आज चालू व्हायचंय!”

मी फणी सिस्टरच्या हातात दिली.