सूचक मी, अनुमोदक ते

काल मी इथे माझ्या सायटेशनचा आकडा टाकला. तेव्हापासून तुम्ही सगळे अभिनंदन करताय, म्हणून आज जे झालं तेही तुम्हालाच सांगतो.

दुष्काळात चाऱ्याअभावी गाईंच्या शरीरात काय बिघडतं, यावर माझं संशोधन आहे. गेवराईकडच्या एका दूध सोसायटीनं आज माझा सत्कार ठेवला होता.

भाषणाआधी माझ्या परिचयाचा कागद वाचता वाचता चेअरमननी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे सायटेशन म्हंजी काय हो?"

"दुसरे संशोधक त्यांच्या लेखात आपल्या लेखाचा हवाला देतात. तेच मोजतात."

"कोण कोण देतंय तुमचा हवाला?"

खोटं बोलवेना. "जास्त करून माझेच विद्यार्थी आणि मित्र. मीही त्यांचा देतो."

चेअरमन एकदम खूश! "म्हंजी आमच्या इलेक्शनवानीच की! औंदा तुमी सूचक, आमी अनुमोदक. पुढल्या बारीला उलटं!"

माइकवरही त्यांनी हेच मोठ्या कौतुकानं सांगितलं. "सायेब शिकले लई, पण हायेत आपल्यातलेच."

टाळ्या पडल्या. समोर चारा छावणीतून आलेली माणसं बसली होती. त्यांच्याच गाईंचं रक्त तपासून मी ते लेख लिहिलेत. मी शाल पांघरून हसत राहिलो, पण मान वर करवेना.

घरी आलो तर विद्यार्थ्याची मेल. "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तुमचे सगळे पेपर संदर्भात घातलेत. अजून कुणाचे घालू?"

त्याचा लेख कोंबड्यांवर आहे.

काय उत्तर लिहू, सांगा.