बारा कलमांची बाग

आमच्या कॉलनीत मोठं असं काही घडत नाही. तरी समितीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आल्यापासून किस्से साठतच गेले. इतिवृत्तात ते बसत नाहीत, म्हणून घरच्या वहीत लिहितो. कॉलनीत पहिला टीव्ही आला, त्या वर्षीचे हे.

*

कॉलनीमागच्या कातळावर सरकार झोपड्यांतल्या लोकांसाठी घरं बांधणार, अशी नोटीस लागली. आमचे अध्यक्ष आप्पा, निवृत्त मामलेदार, मला हरकतीचा अर्ज सांगू लागले.

"पहिलंच वाक्य घ्या. आम्ही गरिबांच्या विरोधात नाही."

"मग कशाच्या?"

"जागेच्या. मिरकरवाड्याकडे, मासळीच्या बंदरावर बांधा म्हणावं. समुद्राची हवा चांगली."

मासळीचा वास येतो म्हणून आप्पांनी स्वतःची त्या बाजूची खिडकी चिऱ्यांनी बुजवून घेतली होती.

*

सहीसाठी लेलेकाकूंकडे गेलो. भांडी घासणारी सरस्वती तीन मैल चालत नुकतीच पोचली होती.

"रोजचा उशीर," काकू म्हणाल्या. "जवळपास कुठे बिऱ्हाड बघ ना गं."

बोलता बोलता त्यांनी अर्जावर सही केली. पेन सरस्वतीनंच आणून दिलं.

*

सरस्वतीचा नवरा धोंडू माळीकाम करायचा. घरांच्या यादीत त्याचं नाव सातवं. मीच त्याला ते वाचून दाखवलं होतं.

आप्पांनी युक्ती काढली. जागेवर बाग आहे, असं दाखवायचं. दिवाळीत हापूसची बारा कलमं आणली आणि लावायला बोलावलं धोंडूलाच. पहारीनं कातळ फोडता फोडता तो म्हणाला, "भाऊ, मानसा चांगली हायत. आमी येन्याआदी सावलीची सोय करतायत. ह्यो सातवा माज्या दारात."

अर्ज माझ्या अक्षरातला. मी आठवं कलम त्याच्या हातात दिलं.

*

वैशाखात कलमांनी माना टाकल्या. हरकतीवरून सरकारी साहेब जागेच्या पाहणीला यायचे होते. धोंडूनं घरून नारळीचे बारा झाप आणले आणि एकेका कलमावर सावली केली.

"अरे, हे तुझ्या छपराचे ना? पावसात काय करशील?"

"सायब येतायत म्हंजे घर आलाच की, भाऊ."

*

साहेब आले. "बाग कधीची?"

"पूर्वापार," आप्पा म्हणाले.

साहेबांनी धोंडूकडे पाहिलं. "दिवालीत लावली सायब. मीच."

आप्पांना घाम फुटला. साहेब हसले, चहा घेतला आणि शेरा लिहिला, 'बाग सुस्थितीत आहे.'

*

योजना रद्द झाल्याचं पत्रही धोंडूला मीच वाचून दाखवलं.

"मंग कलमा कशाला लावलान?"

"हरकतीसाठी."

"अर्ज कुनी लिवला?"

मी सांगितलं. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची सभा झाली. आप्पा म्हणाले, "घ्या लिहून. बागेतले अकरा झाप चोरीस गेले."

मी लिहून घेतलं.

"चोरसुद्धा कसा बघा," लेलेकाकू म्हणाल्या. "सातव्या कलमावरचा तेवढा ठेवून गेलाय."