आईचं लाकूड

ल्यूचौ म्हणजे नदीनं तीन बाजूंनी कवटाळलेलं शहर. आत विटांच्या घरांत हान दुकानदार, दक्षिण काठाला भातशेतीवाले च्वांग, बाजाराला डोंगरांवरून उतरणारे म्याओ, आणि लाकडाचे तराफे हाकत येणारे आम्ही डोंग. लोक म्हणतात, मरावं तर ल्यूचौत, कारण इथल्यासारखी शवपेटी दुसरीकडे मिळत नाही. खरंय. पण ते लाकूड आमच्या रानातलं, हे कोण सांगतो?

क्वांगलाय असाच एक तराफेवाला. शवपेट्या करणारा हान शाओतांग त्याचा लाओगंग. दोघं एकाच साली जन्मलेले, म्हणून तरुणपणी कोंबड्याचं रक्त दारूत मिसळून प्याले आणि भाऊ झाले. या नात्यात तुझी आई ती माझी आई. शाओतांगची म्हातारी क्वांगलायला ‘ए रानटी, पाय धुऊन ये!’ म्हणायची, आणि त्यानं आणलेला आंबवलेला मासा चाटूनपुसून खायची. जीव होता तिचा त्याच्यावर.

क्वांगलायची आई लग्न होऊन आली, त्या वर्षी त्याच्या बापानं तिच्या शेवटच्या पेटीसाठी एक झाड लावलं होतं. पुढे ते पाडलं, पण ठेवायचं कुठं? आमची गावं सगळी लाकडाची. एक ठिणगी पडली की घरं, धान्य, सगळं राख.

“माझी खोली विटांची आहे,” शाओतांग म्हणाला. “माझ्या आईचं समजून सांभाळतो.”

क्वांगलायनं ओंडक्याच्या बुंध्याला कुऱ्हाडीनं घराण्याची खूण घातली, बगळ्याचं उलटं पाऊल, आणि निर्धास्त झाला. पुढे फळ्या कापल्या, तरी एका फळीच्या टोकाला ती खूण राहिली; दर खेपेला तो त्या फळ्या थोपटून यायचा. घरी आई विचारायचीच, “माझं लाकूड बरंय ना रे?”

या वसंतात शाओतांगची म्हातारी गेली. क्वांगलायनं पोटच्या मुलासारखं डोक्याला पांढरं बांधलं, पेटीच्या उशाशी गुडघे टेकून तिच्यासाठी कागदी पैसे जाळले, ढसाढसा रडला. वाकून पेटीला हात लावला, तर खालच्या कडेला रोगणाखाली बोटांना ओळखीच्या खाचा लागल्या. बगळ्याचं पाऊल!

त्यानं शाओतांगला मागच्या अंगणात ओढलं. “हे माझ्या आईचं आहे.”

“हळू बोल. लोक आहेत.”

“अरे, माझ्या बापानं लावलेलं झाड ते!”

“मग? आत निजलीय ती तुझी कुणीच नाही? रक्त प्यायलास ना माझ्याबरोबर? म्हातारीला एवढं द्यायला जीव जातो तुझा?” शाओतांगनं डोळे पुसले. आसवं खरी होती, हेच वाईट. “तुझी आई अजून टुणटुणीत आहे. देऊ की दुसरं.”

“विचारलं असतंस तर…”

“तर नाही म्हणाला असतास.”

त्या मेल्या शाओतांगनं केसानं गळा कापला, आणि वर भाऊपणाची शपथही क्वांगलायलाच घातली! ओरडायचं, तर त्या म्हातारीला पेटीतून बाहेर काढणार होता का तो? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेवढ्यात बाहेरून हाक आली, “मुलांनो, खांदा द्या!” क्वांगलाय गेला. पुढचा दांडा त्याच्याच वाट्याला आला. टेकडीवरच्या थडग्यापर्यंत त्यानं तो कुणाला बदलू दिला नाही. शाओतांगकडे मात्र पुन्हा पाहिलं नाही.

घरी पोचला, तर आई चुलीपाशी तेलात पानं परतून केलेला आमचा चहा ढवळत होती.

“माझं लाकूड पाहिलंस?”

“पाहिलं.”

“हलकं नाही ना पडलं वाळून? तुझा बाप म्हणायचा, चांगलं लाकूड जडच राहतं.”

क्वांगलायचा हात सोलवटलेल्या खांद्याकडे गेला.

“जड आहे, आई,” तो म्हणाला. “फार जड आहे.”

“मग झालं तर,” म्हातारी समाधानानं म्हणाली, आणि तिनं वाटी त्याच्यापुढे सरकवली.