दातांनी सोललेली केबल

केबल सोलताना येणाऱ्या प्लास्टिकच्या वासाने मला ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली बीसीएची तोंडी परीक्षा आठवते. दोन कॉम्प्युटर जोडणारी नेटवर्कची केबल तयार करत करत सगळं इंग्रजीत समजावून सांगायचं होतं. कटर एकच, तेही पुढच्या बाकावरच्यांकडे अडकलेलं. म्हणून मी केबल दातांनीच सोलली, बाप तलावावर जाळं विणताना नायलॉनचा दोरा तोडतो तशी. सर ओरडले, "जंगली आहेस का? अन् इंग्रजीत बोल!" मी म्हटलं, "सर, कॉम्प्युटरले इंग्रजी नाई लागत, तार बरोबर लागते. मी माह्याच बोलीत सांगतो." एकेका तारेचं काम सांगत केबलमधल्या आठही तारा रंगांच्या क्रमाने प्लगमध्ये बसवल्या. केबल लावून संदेश पाठवला, तर पलीकडच्या कॉम्प्युटरवरून लगेच उत्तर आलं. सरांनी तरीही मार्क कापले. आता माझ्या बॅगेत चांगलं कटर असतं, पण त्या दिवशी समोरच्या दाताचा टवका उडाला होता, तो दात मी अजून भरून घेतलेला नाही.